हायस्कुलातील विषय आणि पुढचे आयुष्य

दहावीच्या परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आपल्या एकत्र कुटुंबांत दोन-चार दिवस एक लहानशी सभाच भरते. आजोबा आरामखुर्चीत अध्यक्षस्थानी असतात. वडील व काका गुणपत्रिका पुढे घेऊन टक्क्यांचा हिशेब मांडतात. आत्याबाई आपल्या मुलाने काय घेतले ते सविस्तर सांगतात. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मधूनच एखादा शब्द बोलते. ज्या मुलाच्या अगर मुलीच्या जन्माचा हा प्रश्न, ते मात्र कोपऱ्यात मोबाइल हाती धरून मुकाट्याने बसलेले असते. तासाभरात ठराव मंजूर होतो. नव्वदांच्या वर गुण असले तर सायन्स, ऐंशीच्या आसपास असले तर कॉमर्स, आणि त्याहूनही कमी असले तर 'पाहू पुढे काय ते'. आर्ट्सचे नाव कोणी काढलेच, तर एखाद्याच्या प्रकृतीची चौकशी करावी तशा स्वरात त्याला विचारणा होते.

ही सभा योग्य वेळेच्या निदान दोन वर्षे मागाहून भरते, आणि ती जो प्रश्न सोडविते तो मुळी खरा प्रश्नच नव्हे, असे आमचे नम्र मत आहे. 'एवढ्या गुणांत काय मिळेल?' हा बाजारातला प्रश्न झाला. घरातला प्रश्न निराळा आहे. हे मूल विशी-पंचविशीला आले असता त्याने काय करीत असावे, कोणाच्या उपयोगी पडत असावे, आणि त्यासाठी आज त्याच्या अभ्यासात काय असले पाहिजे, हा तो प्रश्न होय. पहिला प्रश्न गुणपत्रिकेपासून पुढे जातो. दुसरा आयुष्यापासून मागे येतो. विषयांची निवड या दुसऱ्या वाटेने व्हावी, हे सांगण्यासाठी हा लेख.

हा वाद नवा नाही. पुण्यात तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठ्या हिरीरीने लढला गेला, आणि त्याची एक खूण आजही शहरात उभी आहे. कोथरूडकडून राजाराम पुलाच्या दिशेने निघाले म्हणजे कर्वेनगर लागते. आज तेथे इमारतींची दाटी आहे, रस्त्यावर वाहनांची रीघ आहे, आणि दर दुसऱ्या जिन्यावर कुठल्या ना कुठल्या क्लासची पाटी आहे. या भागाचे जुने नाव हिंगणे बुद्रुक. १९०० साली येथे माळरान होते, व त्या माळावर एका साध्या झोपडीत धोंडो केशव कर्वे यांनी आपला अनाथ बालिकाश्रम पुण्यातून हलविला. आश्रमाची स्थापना १८९६ सालची. अण्णासाहेब त्या काळी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. दिवसाचे अध्यापन आटोपून ते हिंगण्याची वाट पायी चालत. पुढे या वस्तीलाच त्यांचे नाव मिळाले.

आश्रमाची गोष्ट आपल्या घरांत सर्वांस ठाऊक असते. परंतु तिच्या पोटात अभ्यासक्रमाची जी एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ती अशी.

१८८४ साली न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर आदी मंडळींनी पुण्यात मुलींचे हायस्कूल काढले. हुजूरपागा या नावाने आपण ते ओळखतो. तेथे मुलींस इंग्रजी शिकवावे, त्यांना मॅट्रिकपर्यंत न्यावे, असा चालकांचा हेतू होता. लोकमान्य टिळकांच्या पत्रांनी त्यावर कडक टीका केली. मुलींनी दिवसभर शाळेत बसून मुलांचाच अभ्यास करावयाचा, तर त्यांस घरचे कामकाज केव्हा यावयाचे, असा त्या टीकेचा एक मुख्य रोख होता. एका पक्षाची नजर परीक्षेवर होती, दुसऱ्याची घरावर. त्या वेळच्या टीकेतील पुष्कळशी मते आज कोणी मान्य करणार नाही. तरी शिक्षण व जीवन यांचा सांधा कोठे जुळतो, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न फोल नव्हता.

अण्णासाहेबांपुढे हाच प्रश्न अगदी व्यवहारी रूपाने उभा राहिला. आश्रमात आलेल्या बालविधवांना शिकवावयाचे ते कशासाठी? त्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहता आले पाहिजे. शिक्षिका होता आले पाहिजे, परिचारिका होता आले पाहिजे. १९०७ साली त्यांनी महिला विद्यालय काढले, ते अविवाहित मुलींसाठी. तेथे प्रश्न आणखी रुंदावला. या मुली पुढे संसार करतील, मुले वाढवतील, आणि प्रसंग पडल्यास कमावतीलही. सरकारी मॅट्रिकचा अभ्यास सगळाच्या सगळा इंग्रजीतून. त्यात यांच्या पुढील आयुष्यातले किती होते?

उत्तराची दिशा त्यांस जपानकडून मिळाली. तोक्यो येथे १९०१ साली निघालेल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. तेथे त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १९१६ साली, ती हिंगण्यास प्रत्यक्षात आणली. तेव्हा त्यांचे वय अठ्ठावन्न होते. इतर माणसे त्या वयात पेन्शनीचा विचार करतात. डॉक्टर भांडारकर कुलपती झाले व रँग्लर परांजपे कुलगुरू. हुजूरपागेच्या स्थापनेत ज्यांचा हात होता, तेच भांडारकर बत्तीस वर्षांनी या निराळ्या प्रयोगाच्या शिरोभागी बसले, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या विद्यापीठाची योजना कशी होती ते पाहा. शिकविण्याचे माध्यम मातृभाषा. इंग्रजी हा विषय आवश्यक. गृहजीवनाचे व आरोग्याचे शास्त्र यांस अभ्यासात मानाचे स्थान. योजनेतील पहिली आणि तिसरी गोष्ट घराकडे पाहून ठरली, तर दुसरी जगाकडे पाहून. महात्माजींना इंग्रजीची सक्ती पसंत नव्हती, असे असूनही अण्णासाहेबांनी ती ठेवली. मातृभाषेविषयी त्यांस प्रेम कमी होते असे नव्हे. मुलीला इंग्रजी येत नसले तर पुढची किती दारे तिला बंद होतील, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

बंद दाराचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता. लहानपणी मुरुडहून साताऱ्यास सहावीच्या परीक्षेसाठी ते घाट ओलांडून सुमारे ११० मैल पायी गेले. आणि तेथील अधिकाऱ्यांनी 'तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस' एवढे म्हणून त्यांस परत लाविले. हा प्रसंग त्यांनी आत्मवृत्तात सांगितला आहे. एवढी पायपीट करून दारावरून परतलेला मुलगाच पुढे अभ्यासक्रम आखावयास बसला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आखणीतील व्यवहारदृष्टीचा उलगडा होतो.

विद्यापीठाच्या पदव्यांची नावेही मोठी अर्थपूर्ण होती. पहिल्या पदवीचे नाव 'गृहीतागमा' आणि तिच्या वरच्या पदवीचे 'प्रदेयागमा'. आगम म्हणजे विद्या, शास्त्र. जिने विद्या ग्रहण केली ती गृहीतागमा. जिची विद्या आता दुसऱ्यास देण्याजोगी झाली ती प्रदेयागमा. दोन्ही बहुव्रीही समास. यांची आद्याक्षरे इंग्रजी धर्तीवर जी. ए. व पी. ए. अशी लिहीत. आमच्या मते शिक्षणाचा सारा हेतू या दोन समासांत आला आहे. घेतले किती, हा अर्धा प्रश्न. त्यातले देण्याजोगे काय झाले, हा उरलेला अर्धा. आपल्या गुणपत्रिका केवळ पहिल्या अर्ध्याचे उत्तर देतात.

येथपर्यंतची गोष्ट गोड आहे. आता तिची दुसरी बाजू सांगणे भाग आहे, कारण आपल्यास खरा धडा तेथेच मिळतो. या विद्यापीठास सरकारी मान्यता नव्हती. अभ्यास आयुष्याला जुळणारा होता, शिकविणारे जीव ओतून शिकवीत. परंतु पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलीला सरकारी नोकरीच्या किंवा दुसऱ्या विद्यापीठाच्या दारी त्या पदवीचा उपयोग होईना. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली १५ लाख रुपयांची देणगी दिली, विद्यापीठास त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले, १९३६ साली मुख्य ठाणे मुंबईस गेले. परंतु कायद्याने मान्यता मिळावयास १९५१ साल उजाडले. मधे पस्तीस वर्षे गेली. अण्णासाहेब तोवर त्र्याण्णव वर्षांचे झाले होते. पुढे १९५८ साली, त्यांच्या शंभरीत, त्यांस भारतरत्न मिळाले. परंतु मधल्या पस्तीस वर्षांत ज्या मुली शिकून बाहेर पडल्या, त्यांना त्या काळात अडलेल्या संधी काही परत मिळाल्या नाहीत.

तेव्हा या गोष्टीचे तात्पर्य असे निघते. केवळ परीक्षेकडे पाहून आखलेला अभ्यास मुलास दारापर्यंत नेतो; पण आत गेल्यावर काय करावे, ते त्याला ठाऊक नसते. केवळ आयुष्याकडे पाहून आखलेला अभ्यास मुलास शहाणे करतो. पण दार लागलेले असले तर त्या शहाणपणास बाहेरच उभे राहावे लागते. अभ्यासाची योजना करणाराने दार आणि घर या दोहोंचाही विचार केला पाहिजे. एकाकडेच लक्ष देणे सोपे असते, म्हणूनच बहुतेक जण तसे करतात.

आता आपण आजच्या काळाकडे येऊ.

आपल्या राज्यात १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली. तोपर्यंत शालान्त परीक्षा अकरावीस होत असे. या बदलाने मुलाच्या निवडीचा क्षण एक वर्ष अलीकडे आला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास आता आपली शाखा ठरवावी लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी ही चार वर्षे एकत्र धरली आहेत, आणि कला व विज्ञान यांच्यातील भिंत काढून टाकावी, असे म्हटले आहे. धोरण उत्तम आहे. परंतु पुढील अभ्यासक्रमांच्या प्रवेशाच्या अटी ज्या आहेत त्या आहेत, आणि मुलाची गाठ पडते ती त्या अटींशी. म्हणून त्या आधी माहीत करून घेणे हे पालकांचे पहिले कर्तव्य होय.

काही ठळक गोष्टी येथे सांगतो. अभियांत्रिकीस जावयाचे तर बारावीस पदार्थविज्ञान व गणित हवे. वैद्यकीस जावयाचे तर पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हवे, आणि वर 'नीट' ही प्रवेशपरीक्षा. परिचर्येच्या पदवीलाही जीवशास्त्र लागते. औषधनिर्माणशास्त्रास पदार्थविज्ञान व रसायन यांच्या जोडीस गणित अथवा जीवशास्त्र यांपैकी एक असले तरी चालते. उलट कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या मुलास खुला आहे. सनदी लेखापालाची परीक्षाही तशीच. सायन्स घेतलेल्यासच सगळे करता येते, ही आपल्याकडील समजूत म्हणूनच अर्धीमुर्धी खरी आहे. ज्याला वकील व्हावयाचे आहे, त्याने दोन वर्षे रसायनाची समीकरणे घोकण्यापेक्षा इतिहास, राज्यशास्त्र व तर्कशास्त्र मन लावून वाचले, तर त्याचे अधिक कल्याण होईल.

दहावीनंतर बारावीकडे न जाताही वाटा आहेत. तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घेतल्यावर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळू शकतो. ज्या मुलाचे हात यंत्रावर चालतात, पण लांब उत्तरे लिहिताना जो कंटाळतो, त्याच्यासाठी ही वाट बारावीपेक्षा सरळ आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे अभ्यासक्रम आहेत, आणि त्यांच्या जोडीला कारखान्यांतील शिकाऊ उमेदवारी आहे. आपल्या घरांत या वाटांचे नाव काढणे कमीपणाचे समजतात. पण घरातला नळ गळू लागला किंवा विजेचा पंप बंद पडला, म्हणजे आपण ज्या माणसाची चातकासारखी वाट पाहतो, त्याच्या विद्येस कमी लेखावे हे आपल्यास शोभत नाही.

दार उघडे ठेवण्याचे महत्त्व किती, याचे एक ताजे उदाहरण कर्वेनगरच्या जवळच सापडते. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी येथून काही मैलांवर आहे. अनेक दशके तेथे मुलींस प्रवेश नव्हता. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते दार उघडले, २०२२ साली मुलींची पहिली तुकडी आत गेली, आणि २०२५ च्या मे महिन्यात १७ मुली तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. आता पाहा: तेथे नौदलाकडे व हवाई दलाकडे जावयाचे तर बारावीस पदार्थविज्ञान व गणित असावे लागते. 'मुलीला गणित कशाला हवे?' असे म्हणून २०१९ साली ज्या घराने मुलीकडून गणित सोडविले, त्या घरातल्या मुलीपुढे दोनच वर्षांनी हे दार उघडले. पण तिला दुरूनच पाहावे लागले. कोणते दार केव्हा उघडेल, हे वडीलधाऱ्यांस ठाऊक नसते. म्हणून मुलाला ज्या विषयाची गोडी आहे आणि जो त्याला झेपतो, तो विषय केवळ 'पुढे लागणार नाही' या समजुतीवर सोडू नये.

परंतु याचा अर्थ मुलाच्या डोक्यावर सर्वच विषय लादावे, असा कोणी करून घेऊ नये. गणित व जीवशास्त्र दोन्ही घेण्याची सोय आहे, आणि जो मुलगा खरोखर दोन्हींत रमतो त्याने ती अवश्य घ्यावी. ज्याला एकाचा तिटकारा आहे, त्याने 'असू द्यावे' म्हणून घेतले, तर त्या एकाच्या ओझ्याखाली बाकीचे तीनही दबतात. २०२३ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून घेऊन उत्तीर्ण झालेल्यांसही 'नीट'ची वाट मोकळी केली. एकदा सुटलेला विषय पुन्हा धरता येतो, एवढा दिलासा यातून घ्यावा. मात्र परत फिरण्यास वर्ष लागते, हेही विसरू नये.

आता योजना कशी करावी ते सांगतो. आमच्या शिकविण्याच्या काळात ज्या घरांनी ती केली, त्यांची मुले कोठेही गेली तरी भांबावली नाहीत, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

आठवीचे वर्ष केवळ निरीक्षणाचे असावे. मूल कोणता धडा न सांगता वाचते, कोणत्या कामात जेवणाची वेळ विसरते, कोणत्या विषयाचे नाव काढताच त्याचे डोके दुखू लागते, हे घरच्यांनी पाहावे आणि एका वहीत टिपून ठेवावे. आजी-आजोबांनी हे काम आपल्याकडे घ्यावे. त्यांच्याजवळ वेळ असतो, आणि मुले त्यांच्यापाशी मन मोकळे करतात.

नववीत मुलाला माणसे दाखवावीत. आपल्या विस्तृत गणगोतात वकील असतो, बँकेतला अधिकारी असतो, शेती करणारा असतो, दवाखान्यात काम करणारी मावशी असते. सुट्टीत चार दिवस त्यांच्याबरोबर घालवावे. दवाखान्यातील वास, कोर्टातील वाट पाहणे, शेतातील ऊन, यांची ओळख पुस्तकातून होत नाही. एखादा धंदा दुरून चकाकतो आणि जवळून कंटाळवाणा वाटतो. एखाद्याचे उलटे होते. हे सोळाव्या वर्षी कळले तर सुट्टीचे चार दिवस खर्च होतात. तेविसाव्या वर्षी कळले तर पाच वर्षे.

दहावीत, निकाल लागण्याच्या पुष्कळ आधी, मुलाने स्वतःच्या हाताने एक कोष्टक करावे. आपणास आवडतील असे तीन व्यवसाय लिहावे. प्रत्येकापुढे बारावीस लागणारे विषय, प्रवेशपरीक्षा, वर्षे व खर्च मांडावा. समजा, एका मुलीने परिचर्या, औषधनिर्माण व विज्ञानाचे अध्यापन ही तीन लिहिली. पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र घेतले तर तिन्ही वाटा मोकळ्या राहतात, आणि गणितावाचून तिचे काही अडत नाही, हे तिला कोष्टकात एका नजरेत दिसेल. तिन्ही वाटांस समान असे जे विषय, ते तिने प्रथम निश्चित करावे. अशा रीतीने निवड झाली म्हणजे एक परीक्षा हुकली तरी आयुष्य हुकत नाही. 'नीट' किंवा 'सीईटी' या एकाच परीक्षेवर सगळा डाव लावून, ती चुकल्यावर काय याचा विचारही न केलेली घरे आम्ही पाहिली आहेत. त्या घरांतील निकालाच्या दिवसाचे वर्णन न केलेले बरे.

खर्चाचा रकाना मुलापासून लपवू नये. घराची ऐपत किती, कर्ज काढावे लागेल काय, हे सोळा वर्षांच्या मुलास सांगितले तर ते बिघडत नाही, जबाबदार होते. सवलतींची माहितीही त्याच रकान्यात असावी. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास प्रवर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ केले. तेव्हा, दोन भावंडांपैकी खर्च करावयाचा तो मुलावरच, असे कोणी म्हणत असेल, तर त्याचा हा आधारही आता गेला आहे.

अकरावी-बारावीत कॉलेजात केवळ नाव घालून दिवसभर क्लासमध्ये बसण्याची जी रूढी पडली आहे, तिच्याविषयी दोन शब्द. प्रवेशपरीक्षेची तयारी अवश्य करावी. ते दार आहे. परंतु ज्या दोन वर्षांत मुलाने प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने प्रयोग करावयाचे, वादविवादात उभे राहावयाचे, निरनिराळ्या घरांतील मुलांशी मैत्री करावयाची, ती दोन वर्षे चार पर्यायांपैकी एकावर खूण करण्यात घालविली, तर गृहीत पुष्कळ होते, प्रदेय काही होत नाही.

शेवटी, अण्णासाहेबांच्या योजनेतील तिसरी गोष्ट, गृहशास्त्र. तो विषय त्यांनी मुलींसाठी ठेवला, कारण तो काळ तसा होता. आज आमचे आग्रहाने सांगणे आहे की, तो घरोघर सर्वांस आवश्यक करावा, आणि मुलांस तर विशेषेकरून. आपली मुले शिक्षणासाठी बंगळुरास जातात, जर्मनीस जातात, आणि तेथे वरणभात लावता येत नाही म्हणून आईला दूरध्वनी करतात. बारावी होईपर्यंत प्रत्येक मुलास व मुलीस पाच गोष्टी आल्या पाहिजेत: साधा पण पुरता स्वयंपाक, महिन्याच्या खर्चाचा हिशेब व बँकेचे व्यवहार, आजारी माणसाची शुश्रूषा, मराठीत व इंग्रजीत एक नीट अर्ज लिहिणे, आणि अनोळखी माणसाशी सभ्यपणे, न लाजता बोलणे. यांची परीक्षा कोणतेही बोर्ड घेत नाही. ती पुढचे आयुष्य घेते, आणि तेथे फेरपरीक्षेची सोय नसते.

हिंगण्याच्या त्या माळावर आज मुलींसाठी अभियांत्रिकी आहे, वास्तुशास्त्र आहे, परिचर्या आहे, वस्त्ररचना आहे, आणि महिलाश्रम हायस्कूलही आहे. अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ साली निघाले. १९१६ साली जो अभ्यासक्रम योग्य होता, तोच धरून ती संस्था बसली नाही. मुलींचे आयुष्य जसजसे रुंदावत गेले, तसतसे तिने विषय बदलले, आणि मान्यतेची दारेही मिळविली. आपल्या घरांनीही हेच करावयाचे आहे. आपल्या वेळी जे योग्य होते ते आपल्या नातवंडांस योग्य असेलच, असे नाही. आपण त्यांच्यापाशी बसून विचारावे, 'बाळ, तू काय घेणार?' आणि ते उत्तर देऊन झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा, 'आणि त्यातले पुढे कोणाला काय देणार?' या दुसऱ्या प्रश्नाला मूल लगेच उत्तर देणार नाही. त्याला चार दिवस विचार करू द्यावा. घाई करू नये.